आसगावचे भन्ते आणि माझी आगाऊ पत्रं

करडीला आमच्या घरी पत्र येणं ही काही आनंदाची गोष्ट नव्हती. पत्र आलं म्हणजे कुणीतरी वारलं असेल नाहीतर कुणीतरी मुक्कामाला येणार असेल, आणि दोन्ही वेळी मायचं काम वाढायचं. म्हणून मी नववीत असताना पोस्टमनने अंगणात सायकल टेकवून "विशाखाबाई कोन हाय जी घरात?" असं विचारलं, तेव्हा माय तांदूळ पाखडायचं सूप हातात धरून तशीच उभी राहिली आणि बाबा शेणाने भरलेल्या हातांनी गोठ्यातून बाहेर आले. विशाखा मी होते. बाई मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

आमचा पोस्टमन पोस्टकार्ड वाचूनच हातात देत असे. गावात निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे वाचून दाखवणं हा त्याच्या नोकरीचाच भाग झाला होता, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यासाठी ही सवय मोडायची त्याला गरज वाटत नव्हती. त्याने घसा साफ केला आणि शेजारच्या दोन अंगणांत ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. "विशाखाबाईस आशीर्वाद. तुझ्या प्रश्नावर मी बारा दिवस विचार केला. धान वाचवणाऱ्या शेतकऱ्याला मी पापी म्हणू शकत नाही. मात्र तुडतुड्याला विचारलं, तर त्याला माझं म्हणणं पटणार नाही. माझं कुठे चुकत असेल तर लिही. आसगावच्या विहारातून, भिक्खू."

"तुडतुडा म्हंजे आपल्या धानावरचा?" मायने विचारलं.

"तोच," बाबा म्हणाले. "हे पोरगी भन्तेले सुदा सोडत नाही."

प्रश्न मी विचारला होता आजोबा वारल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. आसगावचे भन्ते त्यासाठी मुद्दाम बोलावले होते, कारण आजोबांची आणि त्यांची ओळख जुनी होती, दोघेही तरुणपणी वरठीच्या स्टेशनवर रेल्वेच्या कामाला होते. उंच, मोठ्या कानांचे, साठीच्या पुढचे गृहस्थ. हातात लाकडी मुठीची काळी छत्री, जी त्यांनी भर हिवाळ्यातही आणली होती. मायने सकाळपासून चूल सोडली नव्हती. भन्ते बारा वाजल्यानंतर जेवत नाहीत म्हणून अकराच्या आत भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी आणि खीर असं सगळं पानात पडायला हवं होतं. जेवणं झाल्यावर भन्तेंनी पंचशील समजावून सांगायला घेतलं. पहिलं शील, प्राण्यांची हिंसा न करणं. ते इतकं सावकाश आणि इतक्या गोड आवाजात सांगत होते की भिंतीला टेकून बसलेली माय पहिल्याच शिलाला पेंगली. मी मात्र पुढे बसले होते. मी विचारलं, "भन्ते, धानावर तुडतुडे आले की माझे बाबा औषध मारतात. लाखाच्या वर मरत असतील. ते पाप बाबांना लागतं, की भात सगळे खातात म्हणून सगळ्यांना वाटून लागतं?"

आमच्याकडे मोठ्यांना असं विचारायची पद्धत नव्हती. बाबांनी मान खाली घातली. पण भन्तेंनी छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवली आणि म्हणाले, "मला आत्ता उत्तर येत नाही. तुझा पत्ता दे. सुचलं की लिहीन." मोठ्या माणसाला उत्तर येत नाही, आणि तो तसं चारचौघांत सांगतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुढे नोकरीत तीसेक वर्षं मोठमोठ्या डॉक्टरांसोबत काढली, तिथेही ते फार वेळा पाहायला मिळालं नाही.

अशी आमची पत्रं सुरू झाली. त्यांची पोस्टकार्डं यायची, माझी आंतरदेशीय पत्रं जायची, कारण मला जागा जास्त लागायची. करडीहून आसगाव म्हणजे आधी भंडारा, मग पवनी आणि तिथून पुढे. एसटीने गेलं तर अर्ध्या दिवसाचा रस्ता, पण पत्राला कधी चार दिवस लागत, कधी नऊ. मी धानाच्या ढोलीला पाठ लावून लिहायला बसायची. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली कोठी. नवं धान भरलं की तिला आतून ऊब असते. मागे गाय रवंथ करायची, बोडीतल्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातल्या, बेडकांचा आवाज यायचा, माय चुलीवर सुके झिंगे भाजायची आणि त्या वासाने माझी अहिंसेवरची पत्रं पुन्हापुन्हा वाकड्या वाटेला जायची. एका पत्रात मी लिहिलं होतं की, झिंगे इतके लहान आहेत की एकाचं पाप मोजायला घेतलं तर शून्यच येईल, पण माय एका वेळी मूठभर टाकते, तेव्हा हिशेब कसा करायचा? उत्तर आलं, "मूठ कुणाची, तिला विचार. तिने जेवायला वाढलं तर आधी जेव आणि मग विचार."

घड्याळावरून आमचं बरंच चाललं. बारानंतर जेवायचं नाही हे ठीक, पण घड्याळ मागे असेल तर? भन्तेंनी लिहिलं, "माझं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे. मी ते दुरुस्त करायला टाकत नाही, हा माझा दोष तू ओळखलास." हे कार्ड पोस्टमनने इतक्या जणांना वाचून दाखवलं की आमच्या गावात उशीर झालेला माणूस बरीच वर्षं "भन्तेचं घड्याळ हाय माहं" असं म्हणायचा.

मी दिवसेंदिवस धीट होत गेले. खरं सांगायचं तर आगाऊ होत गेले. मी विचारलं, तुम्ही संसार सोडला की संसाराने तुम्हाला? मी कळवलं की तुमच्या प्रवचनात माझी माय झोपली होती आणि तिच्याशिवाय आणखी दोन बायका, तेव्हा आवाज थोडा कमी गोड करता आला तर बघा. मी विचारलं, सगळ्या इच्छा सोडायच्या तर मग खीर दुसऱ्यांदा का घेतली? यातल्या कशालाच उत्तर येत नसे. रागावणंही येत नसे. धान कसं आहे, बोडीत पाणी किती आहे, अभ्यास कर, आशीर्वाद. मला वाटायचं, काय सहनशील माणूस आहे, आणि मी पुढच्या पत्रात आणखी एक पायरी वर चढायची.

दुसऱ्या वर्षी, मी दहावीत गेल्यावर, भन्तेंची अक्षरं मोठी होऊ लागली. आधी एका कार्डावर दहा-बारा ओळी मावत, मग सात, मग चार. ओळी उजवीकडे वर चढायच्या. एकदा तर पत्त्याच्या जागेवर अर्धा मजकूर आणि मजकुराच्या जागेवर 'करडी' एवढंच. पोस्टमन म्हणाला, "भन्तेले मोतीबिंदू झाला वाटते. माह्या सासऱ्याचं असंच झालं होतं, तो भिंतीले जय भीम घालत होता." मी लगेच लिहून विचारलं. उत्तर आलं, "डोळेही अनित्य आहेत." मी लिहिलं, अनित्य आहेत हे खरं, पण अनित्य तर पोटसुद्धा आहे, त्याला तुम्ही रोज अकरा वाजता जेवायला घालता. पवनीला शाळेत डोळ्यांचं शिबिर भरणार आहे असं पोस्टमन सांगतो, तिथे जा. उत्तर आलं, "आत पाहणाऱ्याला बाहेरचं थोडं कमी दिसलं तर चालतं." हे असं आणखी दोन पत्रं चाललं. मी एक म्हणायची, ते एखादं सुंदर वाक्य लिहून बाजूला सरकायचे. सुंदर वाक्यांचा मला तेव्हापासून राग आहे.

शेवटी मी एक पत्र लिहिलं, ज्यात मायना नव्हता, झिंगे नव्हते, काही नव्हतं. "भन्ते, मला वाटतं तुम्ही घाबरता. खोटं बोलायचं नाही हे चौथं शील तुम्हीच शिकवलं. घाबरता की नाही, एवढंच लिहा." पत्र लाल पेटीत टाकलं. पेटीत हात घालून ते परत निघतं का ते मी पाहिलं. मनगटाच्या पुढे हात जात नव्हता.

आठ दिवस काही आलं नाही. दहाव्या दिवशी पोस्टमन आला, आणि त्याने पहिल्यांदाच वाचून न दाखवता कार्ड माझ्या हातात दिलं. त्यावर मोठमोठ्या, वर चढत गेलेल्या अक्षरांत इतकंच होतं. "हो. घाबरतो. तू येशील का?"

मी ते बाबांना दाखवलं. धान कापून खळ्यावर आणलेलं होतं, मळणी व्हायची होती, त्या दिवसांत बाबा कुणाच्या लग्नालाही जात नसत. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मळनी का, चार दिवसानं होते. उद्या पहाटची गाडी धरू." माय म्हणाली, "आता भन्तेले भेव वाटून रायलं, तं आपन कोन मोठे लागून गेलो," आणि वाटेसाठी भाकरी, चटणी आणि उकडलेले शिंगाडे बांधायला लागली.

आसगावचं विहार म्हणजे तलावाच्या पाळीशेजारची एक खोली, पुढे पत्र्याचा व्हरांडा. तिथे भन्तेंच्या जेवणाखाणाचं पाहणाऱ्या बबीबाई आम्हाला पहिल्यांदा भेटल्या. ठेंगण्या, कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं, चौथीपर्यंत शिकलेल्या आणि ते सांगणाऱ्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तूच काय व विशाखा? मले वाटलं मोठी असशीन." भन्ते दारात उभे होते. माझ्या दिशेने पाहत होते, पण नजर माझ्या खांद्यावरून मागच्या आंब्याकडे जात होती. मी वंदन केलं तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला तो थोडा डावीकडे पडला.

भिक्खू बाईमाणसाचा हात धरत नाहीत. म्हणून पवनीच्या स्टँडवरून शाळेपर्यंत आम्ही असे गेलो, छत्रीची मूठ भन्तेंच्या हातात, टोक माझ्या हातात, मी पुढे, ते मागे, आणि त्यांच्यामागे बाबा आणि डबा घेतलेल्या बबीबाई. बाबा त्यांचा दंड धरू म्हणाले तर भन्ते म्हणाले, "तिला चालू दे, ती बरोबर नेते." तरी मी त्यांना एका डबक्यातून नेलंच.

शाळेच्या पडवीत रांग होती. पोरांच्या बाकांवर म्हातारी माणसं गुडघे वर करून बसलेली, प्रत्येकाच्या कपाळावर चिकटपट्टीचा तुकडा, ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या बाजूला. आतल्या वर्गातून स्पिरिटचा वास येत होता आणि उकळत्या पाण्यात भांड्यांचा आवाज. भन्तेंनी छत्री मांडीवर आडवी घेतली. पत्रांत ते पुस्तकी मराठी लिहायचे. तिथे बाकावर बसल्यावर पहिल्यांदा ते आमच्यासारखं बोलले.

"माह्या बापाले मोतीबिंदू झाला होता," ते म्हणाले. "गावात एक सुईवाला यायचा. त्यानं आमच्या अंगनात बसवून डोळ्यात सुई घातली. मी बापाचे पाय धरून होतो, सात-आठ वर्साचा. दोन दिवस बापाले दिसलं. मंग डोया पिकला. मंग काहीच नाही. त्यानंतर पंधरा वर्सं बाप जगला, पन मले त्यानं आवाजावरूनच ओळखलं."

रांग एक बाक पुढे सरकली.

"बोलत राय," भन्ते म्हणाले.

"का बोलू?"

"भांड. पत्रात भांडते तशी भांड. तेवढंच ध्यान दुसरीकडं जाते."

मग मी म्हटलं, "भांडून तरी का फायदा? तुम्ही उत्तर कुठं देता? तुम्ही संसार सोडला का संसारानं तुम्हाले, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही बोडीतल्या पाण्याची चौकशी केली."

भन्ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या जवळपास, वळले. "असं तू कवा विचारलं?"

"मागच्या पावसाळ्यात. आणि खिरीचंही. आणि तुमच्या प्रवचनात—" इथे मला बाबा शेजारी बसलेत हे आठवलं आणि मी थांबले.

बबीबाई एकदम उठल्या आणि डबा नीट झाकलाय का ते पाहू लागल्या.

"बबीबाई," भन्ते म्हणाले.

"जी, भन्तेजी."

"हे पोरगी म्हनते ते पत्रात होतं का?"

"असन जी. माह्याही डोयाले आता कमी दिसते."

"बबीबाई, चौथं शील."

बबीबाईंनी पदर सारखा केला. पावसाळ्याच्या आधीपासूनच भन्तेंना वाचता येत नव्हतं, माझी पत्रं त्याच वाचून दाखवत होत्या, आणि आम्हां दोघांनाही सांगत नव्हत्या की त्या काय वाचतात. "मी सारंच वाचत होती जी," त्या म्हणाल्या. "फक्त जे भन्तेले लिवाचं नाही ते गाळत होती. कोनी भन्तेले असं लिवते का? मी म्हटलं लेकरू हाय, उगा तिले पाप लागन. तिच्या पत्रात मी दर खेपेले पाया पडतो म्हनून दोन वेळा जास्तीचं टाकत होती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू तं पायाबी पडत नाही पत्रात."

"आणि घाबरता का, ते काहून वाचलं मंग?" भन्तेंनी विचारलं.

"ते बरोबर लिवलं होतं म्हनून वाचलं. मीच तं सहा महिन्यांपासून म्हनून रायली, तुमाले भेव हाय म्हनून. ते दोनदा वाचलं."

भन्ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग कान लाल झाले. बाकावरचे म्हातारे वळून पाहू लागले, ज्यांना दिसत नव्हतं ते शेजाऱ्याला विचारू लागले की काय झालं. आतून एक नर्स आली आणि म्हणाली, इथं आवाज करू नका, आणि पुढचा नंबर कोणाचा. पुढचा नंबर भन्तेंचा होता. बाबांनी त्यांचा दंड धरला आणि ते हसतच आत गेले. नर्स मला दारातून बाहेर ढकलत म्हणाली, "हसू थांबल्याशिवाय डोळ्याला हात कसा लावायचा?" ती पांढऱ्या टोपीतली बाई मला त्या क्षणी जगातली सर्वात महत्त्वाची व्यक्ती वाटली. मी पुढे नर्स झाले, त्याची सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं की मी सेवाभाव वगैरे सांगते. खरं कारण ती टोपी.

तीन दिवस भन्तेंना मान न हलवता पडून राहायचं होतं. बाबा त्यांच्याजवळ राहिले. बारा वाजायच्या आत खिचडी भरवायची, पाणी पाजायचं, भांडं द्यायचं. जे बाबा घरी स्वतःचं ताट उचलत नसत, ते हे सगळं करताना मी दाराच्या फटीतून पाहिलं आणि मायला सांगायचं ठरवलं. चौथ्या दिवशी पट्टी सोडली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, भन्तेंनी मोजली, बरोबर मोजली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, या वेळी माझ्याचकडे. म्हणाले, "तू अजून इतकीच बारीक आहेस होय. पत्रांवरून मला वाटलं, धिप्पाड झाली असशील."

महिन्याभराने त्यांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला. त्यांनी माझी सगळी पत्रं एका पेटीत ठेवली होती. चष्मा लावून ते व्हरांड्यात बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी वाचून काढली, हे बबीबाईंनी नंतर सांगितलं. त्या आठवड्यात आमच्या घरी अकरा पोस्टकार्डं आली. पोस्टमनने ती एकाच दिवशी आणली, अंगणात खाट मागितली, पाणी मागितलं आणि बसून वाचायला घेतली. मी त्याला अडवायचा प्रयत्न केला, पण तोवर शेजारची माणसं कुंपणाला येऊन उभी राहिली होती.

"खीर दुसऱ्यांदा घेतली कारण ती चांगली होती. इच्छा सोडायची हे मला माहीत आहे, खिरीला माहीत नव्हतं." कुंपणाला हशा. "तू विचारलंस, डोक्याचा गोटा केल्यावर थंडी वाजते का. वाजते." पुन्हा हशा. मग पोस्टमनने एक कार्ड उचललं, मनात वाचलं आणि आवाज खाली आणून वाचलं. "मी संसार सोडला की संसाराने मला, असं तू विचारलंस. संसाराने मला दुपारी सोडलं, मी त्याला संध्याकाळी. बायको बाळंतपणात गेली, मूलही. रागावलेला माणूस घरातून निघतो तसा मी निघालो होतो. राग जायला बरीच वर्षं लागली. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं. विचारलंस ते बरं केलंस." कुंपणाजवळच्या एका बाईने पदर डोक्यावर घेतला. मला वाटलं जमिनीत जावं. मी हा प्रश्न गंमत म्हणून लिहिला होता, वाक्य बरं जुळलं म्हणून. आज इतक्या वर्षांनीही कुणाला सहज काही विचारताना जिभेवर ते कार्ड येतं.

त्याच्या पुढचं कार्ड मायचं होतं. म्हणजे माझ्याच नावाचं, पण मायबद्दलचं. "माझ्या प्रवचनात तुझी माय झोपली होती असं तू कळवलंस. मी समोरून पाहत होतो. पहाटे चारपासून चुलीजवळ असलेल्या बाईला झोप लागली, म्हणजे माझ्या प्रवचनाचा तेवढा तरी उपयोग झाला."

मायने हातातलं सूप खाली ठेवलं. "हे तू भन्तेले लिवलं?"

मी बाबांच्या मागे सरकले. बाबा हसत होते, त्यांचा काही उपयोग नव्हता. मायने मला मारलं नाही. ती आत गेली, पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "वही आन. मी सांगतो तसं लिव. एकबी शब्द गाळाचा नाही." मग ती ढोलीला टेकून उभी राहिली आणि मी लिहीत गेले. "भन्तेजी, वंदामि. मी झोपली नोहोती. डोये मिटून आयकत होती. पहिलं शील तुमी लय लांबवलं. दुसऱ्या शिलापासून मी पूर्न जागी होती, विचारून पाहा."

भन्तेंनी विचारून पाहिलं. उलट टपाली मायच्या नावाने कार्ड आलं, त्यात तिसरं शील कोणतं, एवढाच प्रश्न होता. मायने उत्तर दिलं आणि वर विचारलं की बुद्धाने घर सोडलं तेव्हा यशोधरेने दुसऱ्या दिवशी स्वयंपाक केला की नाही, हे कोणत्या पुस्तकात आहे. त्याला उत्तर यायला पंचवीस दिवस लागले. मी बारावी होऊन भंडाऱ्याला नर्सिंग शिकायला गेले तोवर माझी पत्रं महिन्यातून एक आणि मायची चार अशी गत झाली होती. मी नसताना ती कुणाकडून लिहून घेते, असं मी एकदा सुट्टीत विचारलं. तिने ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी बाबांनीच मान हलवून स्वतःकडे बोट दाखवलं.

भन्ते गेले तेव्हा बबीबाईंनी पेटी आमच्याकडे पाठवली. त्यात माझी एकोणचाळीस पत्रं निघाली आणि मायची शंभरावर. मायच्या पत्रांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधलेली होती. मी गाठ सोडायला घेतली तर माय चुलीजवळून म्हणाली, "ते ठेव तिथंच."

"माय, वाचू दे ना. आता भन्ते नाहीत, तर कोनाचं का हाय त्यात?"

"लिवनारी जिती हाय ना," ती म्हणाली, आणि माझ्या हातातून गठ्ठा घेऊन आत गेली.